पायथॉनची स्क्रिप्ट हॅस्केलमध्ये नेताना

तापमापक यंत्रांकडून येणाऱ्या नोंदी वाचून यंत्रवार सरासरी, नोंदींमधले खंड आणि संशयास्पद चढउतार यांचा अहवाल तयार करणारी, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली एक स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) माझ्याकडे देखभालीसाठी आली, तेव्हा ती बरीच वर्षे वापरात होती आणि अनेकांनी तिच्यात आपापली भर घातलेली होती. स्क्रिप्ट चालत होती आणि तिच्या अहवालावर लोक विसंबून होते. मात्र तिच्यातली एखादी ओळ बदलली तर परिणाम कुठवर जाईल हे कोणीच खात्रीने सांगू शकत नव्हते, कारण जवळजवळ प्रत्येक फंक्शन एकाच मोठ्या डिक्शनरीत, म्हणजे किल्लीच्या नावाने किंमती साठवणाऱ्या रचनेत, काहीतरी लिहीत होते आणि दुसऱ्या कोणीतरी तिथे लिहून ठेवलेले वाचत होते. त्या डिक्शनरीतल्या एखाद्या किल्लीचे नाव चुकीचे लिहिले गेले, तर ते प्रोग्राम नेमक्या त्या ओळीवर पोहोचेपर्यंत कळत नसे, आणि ती ओळ बहुधा सगळ्या फायली वाचून झाल्यानंतरची, अहवाल छापण्याच्या टप्प्यातली असे. स्क्रिप्टचा गाभा हॅस्केल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहावा असे मी ठरवले ते या कारणासाठी. वेग वाढावा हा हेतू नव्हता.

दोन्ही भाषा एकाच पिढीतल्या आहेत. हॅस्केल भाषेची व्याख्या मांडणारा पहिला अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पायथॉनची पहिली जाहीर आवृत्ती १९९१ मध्ये आली. ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेला दोन्हींत अर्थ आहे. पायथॉनच्या २.० आवृत्तीत २००० साली आलेले लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (एका यादीतून नवी यादी बनवण्याचे आटोपशीर लेखन) हॅस्केलवरूनच घेतलेले आहे, आणि ‘इटरटूल्स’ या मॉड्यूलच्या दस्तऐवजात हॅस्केलपासून घेतलेल्या प्रेरणेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे स्क्रिप्टचा काही भाग जवळजवळ जसाच्या तसा उतरला. दोन याद्यांच्या जोड्या लावताना दोन्ही भाषांत आखूड यादी संपली की काम थांबते. क्रमवारी लावताना समान घटकांचा मूळ क्रम दोन्हीकडे टिकतो. आणि ‘ग्रुपबाय’ दोन्हीकडे फक्त लागोपाठ आलेल्या समान घटकांचेच गट करते, त्यामुळे आधी क्रमवारी लावावी लागते हा नियमही तोच राहतो. खरे कष्ट पडले ते जिथे वरवर सारखेपणा होता आणि वागणूक मात्र वेगळी होती तिथे.

कोड लिहायला घेण्याआधी मी जुन्या स्क्रिप्टला निरनिराळ्या महिन्यांच्या फायली देऊन तिचे अहवाल जपून ठेवले. नवा प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे ठरवणारे दुसरे कोणतेही लेखी प्रमाण उपलब्ध नव्हते. स्क्रिप्ट जे करते तीच तिची व्याख्या होती. त्याच वेळी मी एक बंधन स्वतःवर घालून घेतले, की रूपांतर आणि सुधारणा एकाच वेळी करायच्या नाहीत. जुन्या स्क्रिप्टमध्ये दोष सापडला तरी आधी तो दोषासकट नव्या प्रोग्राममध्ये उतरवायचा, दोन्ही अहवाल तंतोतंत जुळवायचे, आणि त्यानंतर स्वतंत्र बदल म्हणून तो दुरुस्त करायचा. हे बंधन पाळले नाही, तर दोन अहवालांतला प्रत्येक फरक ‘ही आपली सुधारणाच असेल’ म्हणून सोडून देता येतो, आणि मग तुलनेला काही अर्थच उरत नाही.

या बंधनाची कसोटी लगेचच लागली. पायथॉनमध्ये एका नोंदीतले तापमान ज्या चलात साठवले जात होते, त्यात संख्या असू शकत होती, रिकामी अक्षरमाला असू शकत होती, यंत्र बिघडल्याची खूण म्हणून काही अक्षरे असू शकत होती, किंवा ‘नन’ (‘काहीच नाही’ दाखवणारी किंमत) असू शकत होते. नोंद वगळायची की नाही हे ठरवणारी अट मात्र एकच होती : ‘नॉट’ लावून पाहता किंमत असत्य ठरली तर पुढे जा. पायथॉनमध्ये रिकामी अक्षरमाला, ‘नन’ आणि शून्य हे तिन्ही असत्य मानले जातात. अर्थात शून्य अंश तापमानाची प्रत्येक नोंद ‘नोंद मिळाली नाही’ या सदरात जाऊन गळत होती. सरासरीवर त्याचा परिणाम इतका थोडा होता की अहवाल वाचणाऱ्याच्या ते लक्षात येण्याचा संभव नव्हता, पण थंडीच्या दिवसांत नोंदींमध्ये जे खंड दाखवले जात होते त्यांतले काही खंड मुळात नव्हतेच.

हा दोष मला स्क्रिप्ट वाचून सापडला नाही. हॅस्केलमध्ये त्या चलाचा टाइप काय, म्हणजे त्यात कोणत्या प्रकारची किंमत असू शकते, हा प्रश्न टाळता येत नाही म्हणून तो सापडला. मी वाचनासाठी तीन पर्यायांचा एक टाइप केला : मिळालेले मूल्य, रिकामी जागा आणि यंत्रदोषाची खूण. प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून यंत्रभाषेत नेणाऱ्या कंपायलरचे इशारे चालू ठेवल्यावर, ज्या फंक्शनमध्ये या तिन्हींपैकी एखाद्या पर्यायाचे काय करायचे ते सांगितलेले नसेल तिथे तो बोट ठेवतो. शून्य हे मिळालेले मूल्यच असल्यामुळे ‘वगळा’ या फांदीत त्याला आपोआप जागा मिळत नाही; जुन्यासारखे वागायचे असेल तर ‘मूल्य शून्य असेल तर वगळा’ असे मला उघडपणे लिहावे लागले. ती ओळ मी लिहिली, अहवाल जुळवले, आणि नंतर वेगळ्या बदलात काढून टाकली. जुन्या अटीत लपलेला निर्णय त्या एका ओळीत पहिल्यांदा कोणाच्याही डोळ्यांना दिसेल असा झाला, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे सर्वांत मोठे मोल तेच होते. स्क्रिप्टिंग भाषेतला प्रोग्राम अशा न लिहिलेल्या निर्णयांनी भरलेला असतो. रूपांतर करणाऱ्याला ते एकेक करून शोधून काढावे लागतात.

अक्षरमालेतून संख्या काढण्याच्या साध्या कामातही असे निर्णय निघाले. पायथॉनचे ‘फ्लोट’ अधिक चिन्हासह लिहिलेली संख्या स्वीकारते, दशांशचिन्हाने सुरू होणारी किंवा संपणारीही स्वीकारते. हॅस्केलचे ‘रीडमेबी’ हॅस्केलच्या स्वतःच्या लेखनपद्धतीप्रमाणे वाचते, त्यामुळे +५.२ किंवा .५ असे लिहिलेले असेल तर ते ‘नथिंग’, म्हणजे ‘संख्या मिळाली नाही’, असे परत करते. आमच्या यंत्रांपैकी काही यंत्रे शून्याच्या वरचे तापमान अधिक चिन्ह लावूनच पाठवत होती. शिवाय फाइल विंडोजवर तयार झालेली असली, तर ओळीच्या शेवटी येणारे जादा अक्षर पायथॉन मजकूर वाचताना स्वतःच काढून टाकते. लिनक्सवर चालणारा हॅस्केल प्रोग्राम ते तसेच ठेवतो, आणि ते शेवटच्या रकान्याला चिकटून राहते. शेवटचा रकाना यंत्रदोषाच्या खुणेचा होता, त्यामुळे ती खूण ओळखीच्या एकाही खुणेशी जुळेना. या दोन्ही गोष्टींसाठी मी एक छोटे वाचक-फंक्शन लिहिले आणि त्यात कोणते लेखन चालेल हे नेमके मांडले.

यानंतर स्क्रिप्टच्या मध्यभागी असलेल्या लूपकडे, म्हणजे प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाकडे, वळावे लागले. त्या लूपमध्ये मागची नोंद, चालू खंडाची सुरुवात, यंत्रानुसार करायच्या दुरुस्तीचे मूल्य आणि ‘इशारा देऊन झाला आहे का’ ही खूण अशी निरनिराळी चले एकाच वेळी बदलत होती, आणि मधूनच ‘कंटिन्यू’ (पुढच्या नोंदीकडे जा) व ‘ब्रेक’ (लूप थांबवा) येत होते. हॅस्केलमध्येही बदलती चले ठेवण्याची सोय आहे, ‘आयओरेफ’ वापरून हा लूप ओळीमागून ओळ तसाच लिहिता येतो, आणि तो बरोबर चालतोही. पहिल्या टप्प्यात मी तो मुद्दाम तसाच लिहिला, म्हणजे निदान एक हॅस्केल प्रोग्राम हाताशी राहील जो जुन्या अहवालाशी जुळतो. पण असा प्रोग्राम पायथॉनपेक्षा वाचायला अवघड असतो आणि त्यात हॅस्केलचा कोणताच लाभ पदरात पडत नाही.

मग मी प्रत्येक चलाबद्दल एकच प्रश्न विचारत गेले : हे चल कोणाला हवे आहे? मागची नोंद फक्त खंड शोधण्यासाठी हवी होती. यादीची जोडी तिच्याच पहिला घटक वगळलेल्या रूपाशी लावली, की प्रत्येक नोंद तिच्या मागच्या नोंदीशेजारी येते, आणि खंड शोधणे म्हणजे अशा जोड्यांतून वेळेचे अंतर मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या जोड्या निवडणे एवढेच उरते. चालू खंडाच्या सुरुवातीचे चल त्याबरोबर आपोआप निकालात निघाले. ‘इशारा देऊन झाला’ ही खूण म्हणजे ‘अट पूर्ण करणारी पहिली नोंद शोधा’ या गोष्टीचेच लांबलेले रूप होते. ‘ब्रेक’ फाइलच्या शेवटी येणाऱ्या बेरजेच्या ओळीपाशी थांबण्यासाठी होता, तिथे अट खरी असेपर्यंतचेच घटक घेणारे ‘टेकव्हाइल’ पुरेसे झाले. खऱ्या अर्थाने एका नोंदीकडून दुसरीकडे नेण्याची गरज असलेले चल एकच निघाले : दुरुस्तीचे मूल्य, जे यंत्राने स्वतःचे मोजमाप जुळवल्याची नोंद आली की बदलत असे. त्यासाठी ‘मॅपअॅक्युमएल’ वापरले, जे यादीतून पुढे जाताना एक स्थिती सोबत नेते आणि प्रत्येक घटकाचे नवे रूपही देते. या कामासाठी ‘स्टेट’ मोनाड (बदलती स्थिती पायरीपायरीने पुढे नेण्याची हॅस्केलमधली रचना) वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. स्थितीचे अनेक भाग एकमेकांत गुंतलेले असतील तेव्हा तो योग्यच आहे, परंतु एकाच मूल्यासाठी तो वापरला असता तर जुन्या लूपमधला गुंता नव्या वेष्टनात तसाच राहिला असता असे मला वाटते.

एका गुंतलेल्या लूपचे असे निरनिराळे छोटे प्रवाह झाल्यावर प्रत्येकाची चाचणी स्वतंत्रपणे घेता येऊ लागली. हॅस्केलसाठी कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली मांडलेले क्विकचेक हे साधन इथे फार उपयोगी पडले. त्याला उदाहरणे द्यायची नसतात, नियम सांगायचे असतात, आणि ते स्वतः यादृच्छिक उदाहरणे बनवून नियम मोडतो का ते पाहते. सर्व गटांतील नोंदींची बेरीज मूळ नोंदींइतकीच असली पाहिजे, किंवा कोणतेही दोन खंड एकमेकांवर चढलेले असता कामा नयेत, असे नियम लिहिताना स्क्रिप्टकडून नेमकी कोणती अपेक्षा होती हे मलाही अधिक स्पष्ट होत गेले.

डिक्शनरीच्या रूपांतराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तिथले फरक कंपायलरलाही दिसत नाहीत. पायथॉनच्या ३.७ आवृत्तीपासून डिक्शनरीत घटक ज्या क्रमाने घातले त्याच क्रमाने बाहेर येतील ही भाषेची हमी आहे. हॅस्केलमधला ‘डेटा.मॅप’ हा समतोल राखणारा वृक्ष असतो आणि त्यातले घटक किल्लीच्या क्रमवारीने बाहेर येतात. अहवालातली यंत्रे फाइलमध्ये ज्या क्रमाने आली त्या क्रमाने छापली जात होती, आणि वाचणाऱ्यांना त्या क्रमाची सवय झालेली होती; त्यामुळे तो क्रम वेगळ्या यादीत जपून ठेवावा लागला. दोन डिक्शनऱ्या एकत्र करताना फरक अधिक छुपा आहे. पायथॉनच्या ‘अपडेट’मध्ये किल्ली दोन्हीकडे असेल तर नंतर आलेली, म्हणजे उजवीकडची किंमत टिकते, हॅस्केलच्या ‘युनियन’मध्ये डावीकडची टिकते. सर्वसाधारण मर्यादांवर विशिष्ट यंत्रांच्या मर्यादा चढवण्याचे काम इथेच होत होते, आणि क्रम तसाच ठेवला असता तर सगळी यंत्रे सर्वसाधारण मर्यादांवरच चालली असती. टाइप दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे कंपायलरने त्याला हरकत घेतली नसती.

तिसरा फरक ‘इन्सर्टविथ’चा. किल्ली आधीच असेल तर नवी आणि जुनी किंमत एकत्र करण्यासाठी आपण दिलेल्या फंक्शनला ते आधी नवी किंमत देते आणि मग जुनी. बेरजेच्या बाबतीत यामुळे काहीच बिघडत नाही. पण किंमत म्हणजे यादी असेल आणि एकत्र करणे म्हणजे याद्या जोडणे असेल, तर प्रत्येक नवा घटक पुढे जोडला जातो आणि अखेरीस संपूर्ण यादी उलटी तयार होते. पायथॉनमधले ‘अपेंड’ नेमके त्याच्या विरुद्ध करते. नोंदी वेळेनुसार असणे हाच खंड शोधण्याचा पाया असल्यामुळे, गट तयार झाल्यावर प्रत्येक यादी एकदा सरळ करून घ्यावी लागली. प्रत्येक वेळी मागे जोडण्यापेक्षा शेवटी एकदाच उलटवणे हे कामाच्या दृष्टीनेही स्वस्त आहे.

संख्यांच्या बाबतीत काही ठिकाणी अनपेक्षित सुख मिळाले. ऋण संख्यांचा पूर्णांकी भागाकार पायथॉन खालच्या बाजूला नेतो, आणि हॅस्केलचे ‘डिव्ह’ व ‘मॉड’ही तसेच करतात, फक्त शून्याच्या बाजूला नेणारे ‘क्वॉट’ व ‘रेम’ वापरायचे नाहीत एवढे भान ठेवावे लागते. अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेण्याचा नियमही पायथॉन ३ आणि हॅस्केल यांत एकच आहे. मात्र छपाईत फरक पडतो : ०.०५ ही संख्या पायथॉन तशीच छापते, तर हॅस्केलचे ‘शो’ ०.१ पेक्षा लहान संख्या घातांकाच्या रूपात छापते. त्यासाठी छपाईचा साचा सगळीकडे स्पष्ट दिला. बेरजांच्या अगदी शेवटच्या अंकांत पडणारा फरक समजायला अधिक वेळ लागला. पायथॉनच्या ३.१२ आवृत्तीपासून ‘सम’ हे फंक्शन दशांश संख्यांची बेरीज करताना राहून जाणाऱ्या सूक्ष्म त्रुटीची भरपाई करते, हॅस्केलचे साधे ‘सम’ ती करत नाही. अहवालात दोनच दशांश स्थळे छापली जात असल्यामुळे हा फरक सोडून देता आला.

वेळेच्या नोंदींत मात्र असे सोडून देण्यासारखे काही नव्हते. पायथॉनचे पूर्णांक हवे तेवढे मोठे होऊ शकतात. हॅस्केलचा ‘इंट’ आजच्या संगणकांवर ६४ बिटांचा असतो आणि मर्यादा ओलांडली की कोणतीही सूचना न देता ऋण बाजूला वळतो. १९७० पासूनचे नॅनोसेकंद मोजले तर आजची संख्या १९ अंकी आहे आणि ती ‘इंट’मध्ये सहज मावते, परंतु अशा सहा नोंदींची बेरीज मावत नाही. स्क्रिप्ट एका ठिकाणी वेळांची सरासरी काढत होती. तिथे ‘इंटिजर’ हा अमर्याद टाइप वापरला, आणि बाकी ठिकाणी वेळ हा स्वतंत्र टाइप करून दोन वेळांची बेरीज करणेच अशक्य करून ठेवले. वजाबाकी केली तर कालावधी मिळतो, आणि कालावधीची बेरीज मात्र करता येते.

हॅस्केलमध्ये मूल्य गरज पडेपर्यंत काढले जात नाही, ही गोष्ट माहीत असणे आणि तिचा मोठ्या फाइलवर परिणाम पाहणे यांत अंतर आहे. सरासरीसाठी बेरीज आणि संख्या यांची जोडी पुढे नेणारे फंक्शन छोट्या फाइलवर उत्तम चालले आणि मोठ्या फाइलवर मेमरी वाढतच गेली. प्रत्येक पायरीला मूल्य काढणारे ‘फोल्डएल-प्राइम’ वापरलेले असूनही असे घडले, कारण ते फंक्शन जोडी तयार झाली आहे एवढेच पाहते. जोडीच्या आतल्या बेरजा न केलेल्या अवस्थेतच साठत राहतात. जोडीऐवजी आतले भाग काटेकोरपणे, म्हणजे लगेचच, काढायला लावणारा स्वतःचा टाइप केला आणि ‘डेटा.मॅप’चे काटेकोर रूप वापरले, तेव्हा मेमरी स्थिर झाली. फाइल वाचण्यालाही हेच लागू होते : नेहमीचे ‘रीडफाइल’ मजकूर लागेल तसा वाचते, त्यामुळे तीच फाइल वाचून तिच्यावरच परत लिहायचे म्हटले तर ती अजून उघडीच असते आणि प्रोग्राम अडतो. मजकुरासाठी ‘टेक्स्ट’ या टाइपचे, फाइल एकदम पूर्ण वाचणारे रूप घेतल्यावर ही अडचण दूर झाली आणि वेगही सुधारला.

पुढे या गाभ्यातला खंड शोधणारा भाग पुन्हा पायथॉनमध्ये हवा झाला, कारण तो वापरू इच्छिणाऱ्या दुसऱ्या गटाचे सगळे काम पायथॉनमध्ये होते. उलट दिशेचे हे रूपांतर पुष्कळ सोपे गेले, पण त्यातही दोन जागा जपाव्या लागल्या. हॅस्केलमधली आळशी यादी, म्हणजे घटक लागतील तसेच काढणारी यादी, कितीही वेळा वाचता येते. तिच्या जागी घटक मागितले की एकेक देणारा पायथॉनचा जनरेटर ठेवला, तर तो एकदा वाचून झाला की रिता होतो, आणि दुसऱ्यांदा वाचणाऱ्या फंक्शनला कोणतीही तक्रार न होता रिकामी यादी मिळते. यादी स्वतःशीच जोडणाऱ्या आमच्या फंक्शनला हे अजिबात चालणारे नव्हते, म्हणून तिथे जोड्या लावण्यासाठी ३.१० आवृत्तीत आलेले ‘पेअरवाइज’ वापरले. दुसरी जागा पुनरावर्ती, म्हणजे स्वतःलाच हाक मारणाऱ्या, फंक्शनांची : पायथॉन एकात एक अशा हाकांची मर्यादा एरवी १००० ठेवतो आणि शेवटच्या हाकेची जागा वाचवत नाही, त्यामुळे अशी फंक्शने परत लूपमध्ये आणावी लागली. तीन पर्यायांचा टाइप गोठवलेल्या डेटाक्लास (तयार झाल्यावर न बदलणाऱ्या नोंदींच्या रचना) म्हणून उतरला, त्यावरची निवड ‘मॅच’ विधानाने केली, आणि शेवटच्या फांदीत ३.११ मधले ‘असर्ट नेव्हर’ ठेवले, जेणेकरून टाइप तपासणाऱ्या साधनाला राहून गेलेला पर्याय दिसेल. क्विकचेकसाठी लिहिलेले नियम त्याच विचारावर उभ्या असलेल्या पायथॉनच्या हायपोथेसिस या साधनात जवळजवळ न बदलता बसले, आणि आता एकच यादृच्छिक नोंदसंच दोन्ही प्रोग्रामांना देऊन त्यांचे खंड ताडून पाहिले जातात.